इंग्रजीत गेलेले आपले शब्द, आणि घरात बंद होत चाललेली आपली बोली

पालकसभा संपली की काही पालक मागे रेंगाळतात. सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो, ते तेव्हा विचारतात. यंदा एक वडील थांबले. मुलगी आठवीत, अभ्यासात बरी, पण इंग्रजीत मागे. म्हणाले, "आम्ही घरात आपली बोली बंदच केलीय. तिच्या अम्मीलाही सांगितलंय, पोरीशी इंग्लिशमध्येच बोलायचं, नाही जमलं तर मराठीत. ते हौ, नक्को सगळं बंद."

अम्मीला इंग्रजी येत नाही. मराठी बाजारापुरती येते. मग त्या घरात आई आणि मुलगी एकमेकींशी काय बोलत असतील? "कम", "ईट", "स्टडी". दिवसभराचं बोलणं तीन शब्दांवर आलं. त्या वडिलांची तळमळ खोटी नाही. दहावीनंतर इंग्रजीपायी पोरं कशी अडतात हे आम्हीही बघतो. पण घरची बोली आणि इंग्रजी या एकमेकींच्या शत्रू आहेत, एक घालवली तर दुसरी येईल, हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे उपदेशाने सांगण्यापेक्षा शब्दांनीच सांगतो.

दौंड स्टेशनपासूनच सुरुवात करू. सकाळच्या पुण्याच्या डेमूने जाणाऱ्यांना तिकीट चेकर रोज भेटतो. हा 'चेक' कुठून आला? बुद्धिबळाच्या पटावरून. फारसीत राजाला शाह म्हणतात. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की खेळणारा 'शाह!' असं बजावायचा. हा खेळ अरबांमार्फत युरोपात गेला, तसा हा शब्दही गेला आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याचा 'चेक' झाला. राजाला चेक म्हणजे त्याला अडवणं, त्यावरून कोणालाही अडवणं, मग अडवून तपासणं. बँकेतला चेकही त्याच घराण्यातला. 'चेकमेट' म्हणजे आपलं 'शाह मात'. आणि मराठी? मराठीत आपण शह देतो, काटशह देतो, मात करतो. म्हणजे पेपरात 'विरोधकांवर मात' असं छापून येतं आणि स्टेशनवर चेकर तिकीट मागतो, ते दोन्ही शब्द एकाच पटावरून उठून आलेत. आठवीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसली.

इंग्रजीइतकी उधारी करणारी भाषा विरळाच. तिने फ्रेंच आणि लॅटिनमधून तर पोत्याने शब्द उचललेच, पण अरबी, फारसी, हिंदुस्तानी, मराठी, तमिळ, मलय, जिथून मिळेल तिथून घेतले. आपल्याशी संबंध असलेले शब्द साधारण तीन वाटांनी गेले. पहिली वाट स्पेन आणि सिसिलीची. तिथे मुसलमानांची राज्यं होती, अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरं झाली. दुसरी भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराची, व्हेनिस-जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची. तिसरी हिंदुस्थानची. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्यामागून पोर्तुगीज आले, मग ईस्ट इंडिया कंपनी. सैनिक, व्यापारी, कलेक्टर सगळे इथले शब्द तोंडात घेऊन परत गेले.

पहिल्या वाटेचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे अल्जेब्रा. बगदादमध्ये नवव्या शतकात मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी समीकरणं सोडवण्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'अल-जब्र' हा शब्द आहे. जब्र म्हणजे तुटलेलं पुन्हा जोडणं. हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द. समीकरणात एका बाजूचं वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरपाई करायची, ती ही क्रिया. रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी ११४५ मध्ये स्पेनमध्ये त्याचं लॅटिन भाषांतर केलं. लेखकाच्या नावाचं लॅटिन रूप होता होता 'अल्गोरिदम' झालं, जे आज मोबाईलवर तुम्हाला पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा ते ठरवतं.

पण इथेच एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. 'झिरो' आणि 'सायफर' हे दोन्ही इंग्रजी शब्द अरबी 'सिफर'पासून आले, हे खरं. आपल्या दादी-नानी फोन नंबर सांगताना अजून 'सिफर' म्हणतात. सिफर म्हणजे रिकामं. पण अरबांनी हा शब्द वापरला तो संस्कृत 'शून्य'चा अर्थ लावून, कारण अंक लिहिण्याची ही पद्धत त्यांनी हिंदुस्थानातून घेतली, आणि ख्वारिज्मींनी ती हिंदी गणना म्हणूनच सांगितली. देणारा, घेणारा आणि पुढे पोचवणारा, तिघांचंही नाव घेतलं तर हिशेब बरोबर बसतो.

आपल्या तालुक्यात साखरेशिवाय बोलणं पुरं होत नाही, तर तिचंही ऐका. संस्कृतात शर्करा, म्हणजे मुळात खडे, बारीक कंकर. त्यावरून मराठीत साखर आणि फारसीत शकर. फारसीतून अरबीत सुक्कर. अरबांनी ऊस सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेऊन लावला, त्यासोबत शब्द लॅटिनमध्ये, फ्रेंचमध्ये आणि शेवटी इंग्रजीत 'शुगर' झाला. खडीसाखरेचा 'खंड' फारसी-अरबीत 'कंद' झाला आणि इंग्रजीत 'कँडी'. आता गूळ. इंग्रजीत गुळाला जॅगरी म्हणतात. तो शब्द कुठला? तोही शर्कराच! संस्कृत शब्द मल्याळममध्ये वेगळ्या उच्चाराने रुजला होता, मलबारात उतरलेल्या पोर्तुगिजांनी तो उचलला, त्यांच्या तोंडी तो 'जागरा'सारखा झाला आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला. म्हणजे पाटसच्या कारखान्यातलं पोतं आणि केडगाव-राहूकडच्या गुऱ्हाळातली ढेप, इंग्रजीत दोघांची नावं एकाच आईची लेकरं. एक बगदाद-सिसिलीवरून फिरून गेलं, दुसरं मलबारवरून बोटीने. शिवाय मधुमेहवाल्यांची सॅकरीन गोळी आहे. तिचं नाव ग्रीकमधून आलं, आणि ग्रीकांनी ते प्राकृत 'सक्खरा'वरून घेतलं होतं.

औषधाच्या दुकानातही अशीच मौज आहे. खोकल्याचं 'सिरप' हे अरबी 'शराब'पासून. घाबरू नका. अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय, पिण्याची कोणतीही गोष्ट. शरबत त्याच धातूतून आला आणि इंग्रजीत 'शर्बेट' झाला. उर्दूत येऊन शराबचा अर्थ बिघडला, इंग्रजीत जाऊन तो औषध झाला. उलट प्रवास 'अल्कोहोल'चा. त्याचं मूळ 'अल-कुहल', म्हणजे सुरमा! डोळ्यात घालायची बारीक पूड. युरोपातल्या किमयागारांनी आधी कोणत्याही बारीक पुडीला हा शब्द लावला, मग एखाद्या पदार्थाच्या अर्काला, मग दारूच्या अर्काला. सुन्नत म्हणून आपण जो सुरमा लावतो त्याच्या नावावरून पुढे हे व्हावं, याला शब्दांचा स्वभावच म्हणायचं. अर्थ त्याच्या मालकाला विचारून बदलत नाही.

'टॅरिफ'चंही तसंच. अरबी तारीफ म्हणजे ओळख करून देणं, जाहीर करणं. व्यापाऱ्यांनी दराच्या जाहीर यादीला ते नाव दिलं, आणि आज वीजबिलावर टॅरिफ छापून येतं. आपल्याकडे मात्र तारीफ म्हणजे स्तुती. वीजबिलाची तारीफ करणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. 'मॅगझीन' हे अरबी मखजन, अनेकवचनी मखाजिन, म्हणजे कोठार, यावरून. आपल्या दौंडच्या राज्य राखीव पोलीस बलातल्या जवानाच्या रायफलीला असतं ते मॅगझीन गोळ्यांचं कोठार, आणि आपण वाचतो ते मजकुराचं. शाळेची 'व्हॅन' हे 'कॅरॅव्हॅन'चं तोडलेलं शेपूट, म्हणजे कारवाँ. 'सोफा' हा अरबी 'सुफ्फा'. मस्जिदे नबवीतल्या ज्या सावलीच्या चौथऱ्यावर गरीब सहाबा राहायचे, शिकायचे, ते असहाबे सुफ्फा आपण लहानपणापासून ऐकतो. शब्द तोच. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसून मोबाईल बघणाऱ्या पोराला हे एकदा सांगून बघा.

आता आपल्या मातीतून थेट गेलेले. 'मॉन्सून' हा अरबी 'मौसम'. अरबी खलाशी ठरावीक मोसमातल्या वाऱ्यावर होड्या घालायचे, तो शब्द पोर्तुगिजांनी घेतला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. आपण 'मोसमी पाऊस' म्हणतो, तिथे मूळ जास्त ओळखीचं राहिलंय. पायजमा फारसी: पाय आणि जामा, पायाचं वस्त्र. लूट, बंगला, खाकी, चिठ्ठीवरून 'चिट'. आणि 'मुंगूस'! इंग्रजीचा 'मॉंगूस' हा शब्द कोशकार थेट मराठीच्या नावावर टाकतात. त्याचा बदकाच्या 'गूस'शी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन करताना 'मॉंगीज' लिहिलंत तर चूक. 'मॉंगूसेस' हेच प्रचलित. परीक्षेत ही चूक करणारी मुलं हे कळल्यावर सहसा पुन्हा करत नाहीत.

'शॅम्पू'ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्यामागे एक माणूस उभा आहे. चांपना म्हणजे दाबणं, चेपणं. मराठीत आपण अंग चेपून देतो, चंपी करतो, तेच. 'चांपो' या आज्ञेवरून इंग्रजांनी शॅम्पू केला, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ मालिश हाच होता. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन मुहम्मद कंपनीच्या बंगाल फौजेत होते. पुढे ते आयर्लंडला गेले. १७९४ मध्ये त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. १८१० मध्ये लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढलं, ते बुडालं, दिवाळं निघालं. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी वाफेचं स्नान आणि चंपीचा धंदा सुरू केला, तो इतका चालला की दोन राजांनी, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, त्यांना आपला अधिकृत चंपीवाला नेमलं. डोकं धुण्याचा अर्थ नंतर आला. पस्तिशीत, परमुलखात, परक्या भाषेत पुस्तक लिहिणारा हा माणूस इंग्रजी शिकताना आपली बोली विसरला असता तर त्याच्याकडे विकायला चंपी हा शब्दही उरला नसता.

असे शब्द एकत्र करून १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा एक जाडजूड कोश निघाला, 'हॉब्सन-जॉब्सन'. नाव विचित्र वाटतं ना? मुहर्रमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसैन' असा जो आक्रोश व्हायचा, तो गोऱ्या सोल्जरांच्या कानाला आणि तोंडाला जसा आला तसा त्यांनी म्हटला, त्याचं हे रूप. करबलाचं दुःख ज्या नावांत आहे ती नावं एका कोशाचं गमतीदार शीर्षक झाली, हे वाचून आम्हाला दरवेळी थोडं टोचतं. पण कोश मोलाचा आहे, आणि शब्द तोंडातून तोंडात जाताना काय काय होतं ते त्याच्या शीर्षकातूनच कळतं.

इथे एक इशारा. व्हॉट्सअॅपवर फिरणारं सगळं खरं मानू नका. 'इंग्रजीचा अर्थ, म्हणजे पृथ्वी, हा अरबी अर्ज म्हणजे जमीन यावरून आला' असा मेसेज दर काही महिन्यांनी येतो. तो चुकीचा आहे. जर्मनमध्ये 'एर्डे', डचमध्ये 'आर्डे', हे शब्द इंग्रजीचे सख्खे भाऊबंद आहेत. अरबीशी साम्य हा योगायोग. तसंच मराठी 'नाव', फारसी 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' सारखे दिसतात, पण तिथे कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. या तिन्ही भाषा फार जुन्या एकाच कुळातल्या, म्हणून चेहरा मिळतो. सारखं दिसलं की आपलं, असं म्हणायची घाई केली तर मुलं खोटा अभिमान शिकतात आणि कॉलेजात कोणीतरी तो पहिल्याच दिवशी उतरवतो.

आता मराठीकडे. आपल्या मुलांना मराठीच्या तासाला कधी कधी ऐकावं लागतं, की तुमचे शब्द शुद्ध नाहीत. 'पानी' म्हटलं की वर्ग हसतो. उच्चार सुधारायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण शब्दांचं काय? त्याच वर्गात सकाळी हजेरी होते, ती हाजिर या अरबी शब्दावरून. कागद, शाई, तक्ता, शाबास फारसीतून आलेले. गणितात वजाबाकी करतो, तर वजा अरबी आणि बाकीही अरबी. जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, वकील, कायदा, दाखला, नक्कल. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करणारा कोणीही मराठी माणूस त्या एका वाक्यात तीन अरबी शब्द बोलून मोकळा होतो.

छत्रपती शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. तारीखला दिनांक, मेयरला महापौर हे शब्द त्यातले, आणि ते रुजलेही. दुसरीकडे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक, त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश छापला. गंमत अशी की तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. यात कोण बरोबर, यावर वाद घालायला हा लेख नाही. एवढंच दिसतं की दिनांक आला तरी कोर्टाची तारीख गेली नाही. लोकांनी दोन्ही ठेवले.

एक शब्द तर आमचा फार लाडका आहे: दप्तर. अरबी-फारसीत दफ्तर म्हणजे नोंदवही, कचेरी. मराठीत ते पोराच्या पाठीवर आलं. पण मूळ ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कातडं, कारण पूर्वी कातड्यावर लिहायचे. आणि घटसर्पाचं डॉक्टरी नाव डिप्थेरिया, तेही त्याच ग्रीक शब्दावरून, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. लहानपणी लस घेतली ती ज्या रोगाची, आणि शाळेत पाठीवर घेतो ते ओझं, दोघांची आजी एक.

आपल्यातल्या काहींना उलटं भय असतं. उर्दूत मराठी मिसळली, तर उर्दू बिघडली. पोरगं 'नक्को' म्हणालं की मौलवीसाहेब हसतात, 'मैंच गया था' म्हटलं की लखनौचे पाहुणे हसतात. पण नक्को हा आपल्या दखनी बोलीने मराठी 'नको'वरून घेतलेला, आणि जोर देणारा 'च'सुद्धा मराठीचाच. ही बोली शेकडो वर्षं जुनी आहे, लाजायचं कारण नाही. उधारीने भाषा नापाक होत असती तर आपल्या आलिमांनी या विषयावर डोकं लावलंच नसतं. सूरह अद-दहरमध्ये जन्नतच्या पेयांच्या वर्णनात काफूर आणि जंजबील हे शब्द येतात. काफूर म्हणजे कापूर, इंग्रजीत कॅम्फर. जंजबील म्हणजे आलं-सुंठ, आणि इंग्रजी जिंजरचं मूळही त्याच हिंदुस्थानी शब्दाकडे जातं. कुरआनमध्ये मुळात अजमी असलेले शब्द आहेत का, यावर आपल्या उलमांमध्ये जुनी चर्चा आहे. इमाम शाफई यांचं मत होतं की सगळं अरबीच आहे. इमाम जलालुद्दीन सुयूती यांनी मात्र अशा शब्दांवर स्वतंत्र किताब लिहिली. काही आलिमांनी दोन्हींचा मेळ घातला, की शब्द बाहेरून आले असतील, पण अरबांच्या जिभेवर रुळून ते अरबी झाले होते. शब्दाचं नागरिकत्व कसं ठरवायचं, याचं याहून चांगलं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही.

तर त्या वडिलांना आम्ही काय सांगितलं? घरची बोली परत सुरू करा. मूल ज्या भाषेत भांडतं, हट्ट करतं, दादीकडून गोष्ट ऐकतं, तिच्यातच त्याला आधी विचार करता येतो, आणि दुसरी भाषा त्या विचारावर चढते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास वेगळा काढा, मोठ्याने वाचायला लावा, शब्दकोश बघायची सवय लावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यात शब्द अरबी की फारसी याची खूणही असते. अम्मीने इंग्रजी बोलायची गरज नाही. अम्मीने भरपूर बोलायची गरज आहे.

मग वर्गाला एक काम दिलं. घरातल्या मोठ्यांना विचारून असे पाच शब्द आणायचे, जे आपल्याकडून इंग्रजीत गेले. कोश बघायचा, अंदाजे लिहायचं नाही. त्या मुलीने अम्मीसोबत बसून यादी केली होती, निम्मं अक्षर तिचं, निम्मं अम्मीचं उर्दूत. कबाब, पायजमा, बाजार, शरबत असे चार बरोबर होते. पाचव्या ओळीत शब्द नव्हता, प्रश्न होता: इंग्रजांनी आपल्याकडचं एवढं सगळं नेलं, मग नक्को का नाही नेला?

सगळा वर्ग हसला, तीही हसली. उत्तर आम्हालाही देता आलं नाही.